एकुलतीची कळी

४ मार्च
एकुलतीला कळी आली आहे. शेंड्याजवळच्या पानाच्या बेचक्यात, मोहरीएवढी. आधी कीडच वाटली, म्हणून नखाने उडवायला गेले आणि हात जागच्या जागी थांबला. भिंग लावून पाहिलं. कळीच आहे.

कुणाला सांगितलं नाही. चहाच्या वेळी सगळे बॉयलरच्या नावाने शंख करत होते, त्यात मीही सामील झाले. मग काहीतरी निमित्त काढून काचघरात परत जाऊन पाहिलं. आहे.

कपाटात एक कोरी वही होती ती काढली. रोज लिहायचा माझा पिंड नाही. काही घडलं तर लिहीन.

६ मार्च
कळी गव्हाएवढी झाल्यावर राहवलं नाही, साहेबांना सांगितलं. संचालक माणूस खुर्चीतून असा उठताना मी पहिल्यांदा पाहिला. "बाई, तुम्ही कमाल केलीत," म्हणाले. लगेच पाहुणे, फोटो, भाषण, सगळं सुरू. बाहेरच्यांना कळेल अशी झाडाची माहितीही मागितली आहे. इथे कच्चं लिहून पाहते.

हे झाड जगात एवढं एकच आहे, म्हणून बागेत त्याला एकुलती म्हणतात. डोंगरावरचं शेवटचं झाड दरडीखाली गेलं. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गुरुजींनी, म्हणजे माझ्या आधी काचघरं सांभाळणाऱ्या थोरल्या माणसाने, त्याची बोटभर काडी आणली होती. ती मातीत खोचून काही मुळं धरेना. तेव्हा गुरुजींनी कलम केलं. खाली खुंट एकुलतीच्या चुलत बहिणीचा, वर ही काडी. म्हणजे मुळं एकीची आणि डोकं दुसरीचं. दोघींची पानं इतकी सारखी की आम्हीसुद्धा फसू. फरक फक्त फुलात. एकुलतीचं फूल पांढरं, मान खाली घातलेलं, बिनवासाचं. चुलत बहिणीचं पिवळं, ताठ, आणि वास असा की डोकं उठावं.

मग तो हिवाळा आला. बॉयलर बंद पडला, काचघरात बादलीतलं पाणी गोठलं, एकुलतीची झाडून सगळी पानं गळाली. सगळ्यांनी हात टेकले, मी टेकले नाहीत. बुंध्याला वीतभर माती चढवली, गोणपाट गुंडाळलं, रोज जाऊन बसले. थंडी ओसरल्यावर बुंध्याशी फुटवे आले. वरचा वाळका भाग मी कापून टाकला आणि झाड जे फोफावलं ते बघत राहावं असं. त्याहून नवल म्हणजे, जी काडी जन्मात मुळं धरत नव्हती ती आता धडाधड धरू लागली. दरवर्षी छाटणी करून मी काड्या लावत गेले. यंदा रोपं पुरेशी झाली म्हणून कात्री लावली नाही, बहुधा त्यामुळेच कळी धरली. आता पाऊस लागायच्या आत ही रोपं डोंगरावर जाणार, जिथून त्यांची आई आली तिथे.

बरं जमलंय. 'रोज जाऊन बसले' तेवढं काढून टाकीन.

त्या हिवाळ्यात आमच्या घरातही एक घडलं होतं, पण त्याचा झाडाशी काही संबंध नाही.

१० मार्च
प्रयोगशाळेतली पोरगी पान मागायला आली. हिला सगळे भिंग म्हणतात, कारण डोळ्यांवर तसाच चष्मा आहे आणि बोलताना माणसाकडे तशीच बघते. रोपं डोंगरावर जायच्या आधी झाडाची ओळख तपासून कागदोपत्री पक्की करायची असते म्हणे. गुरुजींनी डोंगरावरून आणलेली एक वाळलेली डहाळी संग्रहात आहे, तिच्याशी ती हे पान ताडून पाहणार.

"तपास की," मी म्हणाले. "उद्या माझीही ओळख तपासशील."

हसली नाही. विनोद कळत नाहीत तिला.

१५ मार्च
सुट्टी होती म्हणून गुरुजींकडे गेले. वरच्या खोलीत खिडकीशी बसलेले असतात. सूनबाई चांगली आहे, पण ओरडून बोलते. गुरुजींना ऐकू उत्तम येतं.

कळीचं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा उडी मारेल. त्यांनी एवढंच विचारलं, "ताठ आहे की मान टाकलेली?"

"गुरुजी, अहो, गव्हाएवढी आहे. तिला मान कुठली?"

त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. वय झालंय. मी म्हणाले, फुललं की गाडी पाठवते, स्वतः बघायला या. तर म्हणे गुडघे. गेली किती वर्षं हे गुडघे ऐकतेय. फुटवा आला त्या वसंतात एकदा येऊन गेले, त्यानंतर काचघराची पायरी चढले नाहीत. स्वतः हरले तिथे शिष्या जिंकली, हे थोरामोठ्यांनाही पचत नाही. राग नाही माझा. माणूस आहे.

२१ मार्च
भिंगने दुसरं पान नेलं. पहिला नमुना खराब झाला म्हणे. ही नवी पोरं.

कळी आता वाटाण्याएवढी. तिच्या खाली आणखी दोन दिसतायत.

२४ मार्च
घरी थोडी कुरबुर. मागच्या खोलीला दक्षिणेचा उजेड आहे, ती उघडावी, तुझी रोपं ठेव नाहीतर मी टेबल टाकतो, असं ह्यांचं म्हणणं. शिक्षकी सोडल्यापासून ह्यांना सारखं कुठेतरी टेबल टाकायचं असतं. मी म्हणाले, खोली आहे तशी राहू दे. जेवताना हे एकदम म्हणाले, "ती आज पंचवीसची झाली असती."

मी म्हणाले, "गॅसवर दूध आहे," आणि उठले. दूध नव्हतं. ह्यांनाही माहीत होतं.

२९ मार्च
भिंग तिसऱ्यांदा आली. माझं डोकं फिरलं.

"झाड ओरबाडून खायचं ठरवलंयस का?"

"ताई, एकच विचारायचं होतं." आवाज इतका खाली की पंख्याच्या घरघरीत मला पुढे वाकावं लागलं. "त्या वर्षीचा फुटवा... तो कलमाच्या जोडाच्या वरून आला होता की खालून?"

"बुंध्याला माती होती. मातीतून आला."

"म्हणजे जोड दिसत नव्हता?"

"मातीत कसा दिसेल?"

"आणि आधी काडी मुळं धरत नव्हती. नंतर धरायला लागली."

"माझ्या हाताला यश आलं. यायचं नाही का?"

मग मी तिला जे बोलले ते सगळं लिहीत नाही. तू तेव्हा शाळेत होतीस, एवढं तर नक्कीच बोलले. ती पान घेऊन गेली. जाताना दार हळूच लावून घेतलं, त्याचा जास्त राग आला.

२ एप्रिल
माती उकरून जोड बघता येईल. पण आत्ता कळ्या आहेत, मुळं दुखावली तर गळतील. फुलून होऊ दे.

हे मी शांतपणे ठरवलं आहे. भिंगच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

९ एप्रिल
कळी जांभळाएवढी आणि ताठ. कोवळ्या कळ्या ताठच असतात. वजन वाढलं की मान टाकतील.

साहेबांनी पाहुण्यांची तारीख ठरवली. काचघराला रंग देताहेत. रंगाऱ्यांनी कुंडीला शिडी टेकवली म्हणून मी असं बोलले की त्यातला मोठा माणूस म्हणाला, "बाई, झाड आहे की जावई?"

१३ एप्रिल
सकाळी टोकावर पिवळी झाक दिसली.

काचेतून ऊन तिरपं येतं त्या वेळची असेल. दुपारी पुन्हा पाहिलं, मागे पांढरा कागद धरून. मग दिवा लावून. मग कुंडी सावलीत ओढली आणि पाहिलं. झाक होती. डोळे चोळले आणि घरी आले. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, रंगाच्या वासाने डोकं धरलंय.

१४ एप्रिल
सगळ्यांच्या आधी गेले. डब्यातला चमचा घेतला आणि बुंध्याची माती काढायला लागले. खुरप्याने मुळं तुटली असती.

आधी एक मूळ लागलं, मग सालीवरची जुनी आडवी गाठ. कलमाचा जोड. गुरुजींची बांधणी मी डोळे मिटून ओळखीन, किंचित उजवीकडे कललेली असते. जोडाच्या वर राखाडी, वाळून दगड झालेला ठोंब, आणि त्यावर सरळ, स्वच्छ काप. तो माझा. सगळे फुटवे, झाडून सगळे, जोडाच्या खालून.

म्हणजे वर होती ती एकुलती, आणि तिला मी कापून टाकलं. खालचा खुंट जगला. इतकी वर्षं मी खुंटाला पाणी घातलं, खुंटाच्या काड्या लावल्या, खुंटाची रोपं केली आणि सगळ्यांकडून शाबासकी घेतली. खुंट मुळं धरतो. धरणारच, तेवढ्यासाठीच तर त्याला खुंट करतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ओळखेल असं ते होतं, आणि मी त्याला हाताचं यश म्हणत होते.

माती परत लोटली. चमचा धुतला. जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल
कळ्या गळतात. पाणी एक दिवस चुकलं, हवा कोरडी झाली, दार उघडं राहिलं, तरी गळतात. तीन कळ्या आहेत. तीन चिमटे. साहेब हळहळतील, पाहुण्यांना पुढचं वर्ष सांगतील, रोपं ठरल्याप्रमाणे डोंगरावर जातील, आणि मग सगळं डोंगराचं काम. कुणी म्हणजे कुणी विचारणार नाही.

असा विचार मी काचघरात उभी राहून, कळी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून करत होते. भिंग कधी आली कळलंच नाही.

"ताई, साहेबांनी निकाल मागितलाय. सोमवारी देते म्हटलं."

मी हात काढला. "तुला कधीपासून माहितीये?"

"पहिल्या पानापासून. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून दुसरं नेलं. मग तिसरं."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"होतं की. तुम्ही ऐकायला तयार कुठे होता?" म्हणाली आणि लगेच कानापर्यंत लाल झाली. मग म्हणाली, "सोमवारच्या आत तुम्हीच साहेबांना सांगितलंत तर माझा कागद नुसता दुजोरा होईल. म्हणून थांबले."

मी तिला आगाऊ, मख्ख, काय काय म्हणत आले. पोरगी चांगली आहे.

१६ एप्रिल
रात्री ह्यांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग हे जे आहे ते कोण?"

"खुंट. चुलत बहीण. हजारांनी मिळते, कुंपणाला लावतात."

"त्या बिचारीने कुणाचं काय घोडं मारलंय? तूच तिला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत होतीस."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. असं माझं होत नाही. ह्यांनी पाणी आणून ठेवलं.

१७ एप्रिल
साहेबांना सांगितलं. खुर्चीतून उठणारा माणूस या वेळी बसला. मग पहिला प्रश्न बरोबर विचारला, तेवढं म्हणायला हवं: "रोपं गेली असती तर?"

"डोंगरावर भलतंच रान झालं असतं. आणि कुणाला कधी कळलं नसतं."

पाहुणे रद्द. भाषण रद्द. साहेब ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. रोपं वाफ्यातून काढायचं काम मी मागून घेतलं. एकेक पाटी काढताना हात नेहमीसारखे चालले. त्यांना काय कळतंय.

एकुलती जगातून गेली, आणि ती आत्ता गेली नाही. त्या हिवाळ्यातच गेली. तीच थंडी, तेच दिवस. मी इतकी वर्षं एक गेलं आणि एक वाचलं असा हिशोब मनाशी धरून होते. दोन्ही गेली होती.

१९ एप्रिल
फुललं. पिवळं, ताठ, आणि वास असा की काचघराचं दार उघडताच तोंडावर येतो. देखणं आहे, खोटं कशाला बोलू.

फूल कापलं, ओल्या कापसात गुंडाळलं आणि गुरुजींकडे गेले. वाटलं, आधी मीच सांगावं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर म्हातारा खचेल.

मी कापूस सोडायच्या आत ते म्हणाले, "पिवळं ना?"

मी तशीच उभी राहिले.

"वास जिन्यातच आला," म्हणाले. "बस."

"तुम्हाला माहीत होतं."

"त्या वसंतात आलो होतो ना. माती सारून फुटवा बघितला आणि कळलं. खालून होता."

"आणि बोलला नाहीत." माझा आवाज चढला. सूनबाई दारात डोकावून गेली. "इतकी वर्षं मी खुंट वाढवत बसले आणि तुम्ही इथे बसून गुडघे कुरवाळत होता? मी रोपं डोंगरावर पाठवणार होते, गुरुजी!"

"ते चुकलं. गेल्या महिन्यात तू कळीचं सांगून गेलीस तेव्हापासून झोप नाही. रोज वाटायचं, आज निरोप धाडतो."

मला तेवढ्यावर उठता आलं असतं. पण माती उकरल्यापासून एक गोष्ट डोक्यात खुपत होती. तो ठोंब. वाळलेल्या लाकडावर काप पडला की कडा चिरफाळतात. माझा काप स्वच्छ होता.

"गुरुजी, मी कात्री लावली तेव्हा वरचं सगळं मेलेलं होतं ना?"

ते खिडकीकडे वळले. खाली कुणीतरी सायकल लावत होतं.

"तू यायच्या आधी मी साल खरवडून पाहिली," म्हणाले. "जोडाच्या वर. हिरवं होतं."

"किती?"

"बोटभर."

"तुम्ही बोटभर काडीवरच तर ते झाड केलं होतंत!"

"हो."

"मग मला कात्री लावू कशी दिलीत? नुसतं 'थांब' म्हणायचं होतं. एक शब्द, गुरुजी!"

"म्हणणारच होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात तू आलीस. हातात कात्री. माझ्या बाहीला धरून ओढत नेलंस फुटवे दाखवायला. पोर गेल्यापासून तू कुणाशी धड बोलली नव्हतीस, तुझा नवरा माझ्याकडे येऊन बसायचा आणि रडायचा. आणि त्या दिवशी तू नुसती बडबडत होतीस. वाचलं, गुरुजी, वाचलं, म्हणत होतीस. आता हे वरचं मेलेलं काढून टाकते, म्हणालीस आणि हसलीस." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला थांब म्हणवलं नाही."

"शेवटचं झाड होतं ते."

"मला सांगतेस? मीच आणलं होतं."

सूनबाई चहा घेऊन आली, फूल बघून केवढ्याने तरी म्हणाली, "अय्या, किती छान!" आणि ते तिने पेल्यात ठेवलं. आम्ही दोघांनी चहा प्यायला. मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजून आहे. निघताना पाया पडले नाही, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

२१ एप्रिल
झाड गेल्याची नोंद करताना आमच्याकडे कारण विचारतात. आज साहेबांच्या खोलीत मी आणि भिंग. भिंगचा कागद टेबलावर, माझ्या म्हणण्याला दुजोरा. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, एकच विचारतो, वरून मला विचारतील म्हणून. तुम्ही वरचा भाग कापलात तेव्हा त्यात काही जीव होता का? तेव्हा दुसऱ्या कुणी पाहिलं होतं?"

भिंग माझ्याकडे बघत होती. नोंदीसाठी माती काढून तो ठोंब तिनेही पाहिला आहे, आणि तिला काप वाचता येतात.

"कुणी नाही," मी म्हणाले. "मी एकटीच होते. वरचं सगळं मेलेलं होतं. थंडीनेच गेलं."